निळ्या नळाचं पाणी

प्रभाआजींनी मेपलच्या कुंडीत बोट खुपसलं आणि “अगं बाई!” करून झटक्यात बाहेर काढलं. मातीला आधणाचा चटका होता.

चार दिवस झाड पानं गाळत होतं. मुलगा सुधीर एसीला दोष देत होता, सून शुभदा खताला. आणि आत्ता दाराशी दहा वर्षांची नात उभी, पूर्वी. हातात रिकामा मग, त्याच्या तळाला अजून वाफ.

आजींना निळा नळ आठवला. जूनमध्ये त्या आखातातल्या सबाह अल-सालेमच्या या फ्लॅटमध्ये आल्या, तेव्हा पूर्वीनंच त्यांना बाथरूममध्ये नेऊन शिकवलं होतं.

“आजी, वरची टाकी उन्हात तापते. निळा नळ सोडलास तर भाजशील. समरमध्ये गीझर बंद, त्यातलं पाणी घरातल्या एसीनं निवतं, म्हणून लाल नळाला गार पाणी.”

हे त्यांनी गावी फोनवर सांगितलं तर सगळे हसले होते. प्रभाची आणखी एक थाप म्हणे! आयुष्यात एकदा खरं बोलल्या, त्याचं हे फळ.

“निळ्या नळाचं घातलंस?”

पूर्वीनं मान डोलावली. “बाबा म्हणाले ना, झाड माझ्याएवढं झालं की कॅनडाला जायचं. कायमचं.” तिनं मग पाठीमागे लपवला. “इट ग्रोज सो फास्ट, आजी.”

दोन वर्षांपूर्वी तिथूनच सुधीरच्या एका मित्रानं बी पाठवलं होतं. झाड आता तिच्या कानाला लागत होतं.

तेवढ्यात कुलूप फिरलं. ऑफिसातून आलेल्या सुधीरनं सवयीनं कुंडीत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

“हे उकळतं पाणी कुणी ओतलं?”

“मीच रे,” आजी म्हणाल्या. “गार म्हणून निळा नळ सोडला. मला मेलीला काय ठाऊक, इथले नळसुद्धा थापा मारतात!”

“आई, अगं...” कपाळ धरून तो आत गेला.

सत्तर वर्षांत आजींच्या थापेवर कुणी इतक्या पटकन विश्वास ठेवला नव्हता.

त्यांनी नखानं खोड खरवडलं. सालीखाली लख्ख हिरवं.

“चिवट आहे मेलं.” त्यांनी पूर्वीकडे पाहिलं. “नाही जायचं तर बाबाला तोंडानं सांग. या मुक्याला कशाला भाजतेस?”

पूर्वी बाथरूममध्ये गेली. बऱ्याच वेळानं नळाचा आवाज आला.

ती भरलेला मग घेऊन आली. लाल नळाचं की निळ्या, हे आजींनी आत बोट घालून पाहिलं नाही.