पाव फेरा मागे

माझी लेक ग्लायडर उडवते आणि मी तडे बुजवतो. ग्लायडरमध्ये वैमानिकाच्या डोक्यावर अ‍ॅक्रिलिकचं पारदर्शक झाकण असतं. त्याला तडा गेला की ती ते चौकटीसकट गाडीत घालून सात तासांवरून माझ्याकडे येते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. मग सांधा भरायचा आणि तीन दिवस सुकू द्यायचा. त्या तीन दिवसांकडे मी वर्षभर डोळे लावून बसतो. तिला हे कधी बोललो नाही. उलट एकदा ती नुसतीच भेटायला येते म्हणाली, तर मी म्हणालो, "काम नसताना कशाला पेट्रोल जाळतेस?" जीभच मेली तिखट.

यंदा तिने झाकण टेबलावर ठेवलं. तडा कडेपासून निघून थेट वैमानिकाच्या नजरेसमोर आला होता. तिथे सांधा चालत नाही, समोरचं धूसर दिसतं. गुपचूप भरून दिला असता तर ती राहिली असती, पुढच्या वर्षीही आली असती. नवं झाकण दहा वर्षं हूं की चूं करणार नाही.

"हे भंगारात," मी म्हणालो. "नवं मागव. कंपनीची माणसं तुमच्या ग्लायडर क्लबवरच येऊन बसवून देतील."

तिचं तोंड एवढंसं झालं. "मग मी आजच निघू?"

तिला जाऊ द्यायचं नव्हतं मला. उत्तर टाळायला मी तड्याचं मूळ शोधू लागलो. चौकटीचा एकच स्क्रू गच्च आवळलेला होता. अ‍ॅक्रिलिक उन्हात फुगतं, म्हणून स्क्रू आवळला की पाव फेरा मागे घ्यायचा. हे मी तिला ती आठ वर्षांची असताना शिकवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "हा तू आवळलास? अगं, हवेत फुटलं असतं म्हणजे?"

"त्यानंतर उडवलंच नाही, बाबा. लगेच गाडीत घातलं." ती स्क्रूकडेच बघत होती. "छोटासाच तडा हवा होता. तो पळाला."

"पण कशाला?"

"काम नसताना यायचं नाही ना."

मी ड्रॉवरमधून बारीक ड्रिल काढलं आणि तड्याच्या टोकाला भोक पाडायला घेतलं.

"भंगाराला?" तिने विचारलं.

"सांधा भरतो," मी म्हणालो. "थंडी आहे. चार दिवस धर."