पाठातली बाग

बाईंनी लॅपटॉपखाली तिसरं पुस्तक सरकवलं, तेव्हा कुठे मावशींचा अख्खा चेहरा पडद्यावर आला. तोवर नुसती हनुवटी आणि गळा दिसत होता.

"बोटातलं ते काढा आधी," बाई म्हणाल्या.

मावशींनी बोटाकडे पाहिलं. कारखान्यातून त्या तशाच उठून आल्या होत्या. सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान मधल्या बोटात तसंच होतं. त्यांनी ते काढलं, ठेवायला जागा शोधली आणि शेवटी मुठीतच धरून ठेवलं.

"घाई करायची नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा म्हणायचं. आणि उत्तर पूर्ण वाक्यात. मी इथे समोरच बसते, पण मला तोंड उघडायची परवानगी नाही. मॅडमनी तसं बजावलंय."

"दिसाल ना मला?"

"दिसेन हो."

तिकडच्या मॅडमचा फोन यायला अजून थोडा अवकाश होता. मावशी मान ताठ करून बसल्या, फोटोग्राफरसमोर बसतात तशा. बाईंनाच धीर धरवेना. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांचा वर्ग चालवला, शेकडो माणसं परीक्षेला बसवली. पण अशी परीक्षा कोणाची पाहिली नव्हती.

मावशी गल्लीपलीकडच्या शिवणकारखान्यात शर्टांना काजं करायच्या, बटणं लावायच्या. त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली, तिकडेच लग्न केलं, तिकडेच तिचं फाटलं, आणि गेल्या वर्षी आजारपणात ती तिकडेच गेली. मागे राहिली सहा वर्षांची पोर. बापाचा पत्ता नव्हता. सध्या पोर सरकारने नेमून दिलेल्या एका घरात राहत होती. तिला आजीकडे पाठवायचं की त्या घरी कायमची द्यायची, हे मॅडम ठरवणार होत्या. पोरीला आईची भाषा येत नव्हती. जिच्याशी दोन शब्द बोलता येणार नाहीत अशा आजीकडे लेकराला कसं पाठवायचं, असं मॅडमचं म्हणणं होतं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. दुभाष्या द्यायला त्या तयार होत्या. मावशींनीच नको म्हटलं.

"नातीला भूक लागली तर काय दुभाष्याला बोलावू?" त्या बाईंना म्हणाल्या होत्या. आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात येऊन पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

वर्गाचा एक नियम होता. तो बाईंनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता, ठेच लागल्यावर केला होता. वर्ग सुरू केला त्या वर्षी एका टॅक्सीवाल्याला त्यांनी सरावासाठी विचारलं, तुझे वडील काय करतात? साधा प्रश्न, पहिल्या धड्यातला. तो माणूस लालबुंद झाला, खाली बघत राहिला आणि पुन्हा वर्गाला आला नाही. वडील तुरुंगात होते, हे बाईंना मागाहून कळलं. त्यांना ते फार लागलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या तुकडीला त्या पहिल्या दिवशीच सांगायच्या, "इथे खरं सांगायची सक्ती नाही. खरं नको, पूर्ण हवं."

त्या एका वाक्याने माणसं मोकळी झाली. रात्रपाळीचा वॉचमन वैमानिक झाला. नुकतं लग्न ठरलेल्या मुलीला चार मुलं झाली, त्यातलं एक डॉक्टर. बाई स्वतःपासून सुरुवात करायच्या. फळ्यावर लिहायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "माय सन कम्स एव्हरी संडे." माझा मुलगा दर रविवारी येतो. मग एकेकाची पाळी.

मावशींची पाळी आली त्या दिवशी धड्यात एक चित्र होतं. घर, घरामागे बाग, बागेत झारी घेतलेला माणूस. मावशी त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग सावकाश म्हणाल्या, "माय हजबंड इज अ गार्डनर. वुई हॅव अ बिग गार्डन." सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मावशींचा नवरा मुलगी रांगत होती तेव्हाच गेला होता आणि त्या एका खोलीत राहायच्या, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवसापासून कुटुंबाचा पाठ म्हटला की मावशी तो असा म्हणायच्या की थांबवू नये. म्हणूनच गेल्या पंधरवड्यात उजळणी घेताना बाईंनी तो पाठ सोडला. त्यांनी मावशींकडून नोकरीचा घोकून घेतला, दवाखान्याचा घोकून घेतला, शाळेचा घोकून घेतला. जे पक्कं आहे त्यात वेळ कशाला घालवा?

लॅपटॉप वाजला.

मॅडम मध्यमवयीन होत्या, आवाजाने मऊ. त्यांच्यामागे एक लांब टेबल दिसत होतं आणि टेबलाच्या टोकाला कागदावर मान घालून काहीतरी रंगवणारी मुलगी. मावशींची नजर मॅडमवरून सरकून तिच्यावर गेली आणि तिथेच अडकली. पोरीने वर पाहिलं नाही.

नाव विचारलं, ते सांगितलं. काम काय करता? मावशींनी कारखाना सांगितला, शर्ट सांगितले, सकाळी किती वाजता जाते ते सांगितलं. एकदा प्रश्न कळला नाही, तर नीट विनंती करून पुन्हा विचारायला लावला. मॅडम मान हलवत होत्या, अधूनमधून टाइप करत होत्या. समोर बसलेल्या बाईंचा जीव जरा भांड्यात पडला.

"घरी तुमच्याबरोबर कोण कोण असतं?" मॅडमनी विचारलं.

मावशींच्या चेहऱ्यावर हसू आलं. ओळखीचा प्रश्न आला की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर येतं ते हसू. आणि एका दमात, एकाही ठिकाणी न अडता त्यांनी सांगून टाकलं. मी माझ्या नवऱ्याबरोबर राहते. माझा नवरा माळी आहे. आमच्या घरामागे मोठी बाग आहे. तो रोज सकाळी झाडांना पाणी घालतो.

खोटं कशाला बोला, बाईंना आधी आनंदच झाला. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. इतकं स्वच्छ इंग्रजी मावशी कधी बोलल्या नव्हत्या. तो आनंद क्षणभर टिकला, आणि मग हा वर्ग नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

"किती छान," मॅडम म्हणाल्या, आणि टाइप करू लागल्या. "हिला फुलं फार आवडतात."

टेबलाच्या टोकावरून आवाज आला. पोरीने मान वर केली नव्हती, रंगवणंही थांबवलं नव्हतं.

"ग्रँडपा इज डेड. मम्मी टोल्ड मी."

मॅडमची बोटं थांबली. त्यांनी मागे वळून पोरीकडे पाहिलं, मग मावशींकडे. मावशींना वाक्य कळलं होतं. त्यांचं हसू विझलं आणि त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत मला वाचवा असं नव्हतं. माझं काय चुकलं, एवढंच होतं.

बाई उठल्याच. परवानगी नसताना टेबलाला वळसा घालून कॅमेऱ्यासमोर आल्या आणि वाकून म्हणाल्या की मी यांची शिक्षिका, चूक माझी आहे, वर्गाचा एक नियम...

"प्लीज," मॅडम म्हणाल्या. आवाज आताही मऊच होता, पण दार बंद केल्यासारखा. "मला यांच्याकडून ऐकायचंय. तुम्ही बोललात तर मला फोन बंद करावा लागेल."

बाई परत जाऊन बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना वर्गात गप्प बसवलं होतं.

"तुमचे पती आहेत की नाहीत?"

मावशींकडे याला पाठ नव्हता. त्यांची मूठ आवळली गेली, पितळ तळव्यात रुतलं असणार.

"नो हजबंड," त्या म्हणाल्या. "लाँग टाइम, नो हजबंड. नो गार्डन. वन रूम. वन विंडो." थांबल्या. हवे ते शब्द मिळत नव्हते म्हणून आहेत त्यांतले वेचून घेत होत्या. "गार्डन इन बुक. नॉट इन हाउस. सॉरी. आय, ओन्ली बटन. ऑल डे, बटन."

बाईंचा हात सवयीने वर गेला होता, चुकलेलं वाक्य थांबवायला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. एकही वाक्य पूर्ण नव्हतं, आणि त्यांना भरून आलं होतं.

मॅडमची बोटं अजून थांबलेलीच होती. आता त्या लॅपटॉप मिटतील, हे बाईंना दिसत होतं. एक खोटं पकडल्यावर माणूस दहा खोटी शोधतो. जिने मेलेला नवरा जिवंत करून दाखवला तिच्या हाती लेकरू कोण देईल?

तेवढ्यात मॅडमच्या खांद्यामागून पोरीचं डोकं वर आलं. ती जवळ येऊन उभी होती. हातात खडू, गालावर हिरवा डाग.

"व्हॉट्स इन युअर हँड?" तिने विचारलं.

मावशींनी मूठ उघडली. अंगुस्तान उचललं, बोटात घातलं आणि त्या बोटाने टेबलावर टकटक केलं.

"व्हॉट इज इट?"

मावशींना नाव माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. शब्द त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता आणि मावशी पुन्हा आपल्याकडे बघतील असं त्यांना वाटलं. मावशींनी बघितलं नाही. त्या पोरीकडेच बघत होत्या.

"आय डोन्ट नो," त्या म्हणाल्या. "फॉर फिंगर. नीडल कम, नो पेन." आणि दुसऱ्या हाताची खोटी सुई करून त्यांनी ती अंगुस्तानावर दोनदा टोचून दाखवली. "सी? नो पेन."

पोरीने आपल्या बोटाच्या नखाने टेबलावर टकटक करून पाहिलं. तेवढा आवाज आला नाही. तिने नखाकडे नाराजीने पाहिलं.

"कॅन आय वेअर इट?"

"यू कम," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "यू कम. यू वेअर."

मॅडमनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला जरा बाजूला घेतलं. आज आपण काही ठरवणार नाही, असं त्या म्हणाल्या. एकेक शब्द सावकाश उच्चारून, मावशींना कळेल असं म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी याच वेळी पुन्हा बोलू. तेव्हा जास्त वेळ पोरगीच बोलेल. मी ऐकत बसेन. मग त्यांनी बाईंच्या दिशेला, त्यांना न दिसणाऱ्या कोपऱ्याकडे पाहून म्हटलं, "शिक्षिकाही बसू शकतात. नुसत्या."

पडदा काळा झाला. मावशी त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. अंगुस्तान बोटातच होतं.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "मी तो नियम केला. निदान तुम्हाला तरी सांगायला हवं होतं, की तो वर्गापुरता आहे. बाहेर..."

"ते मला माहीत होतं, बाई. तेवढी काही मी वेडी नाही."

"मग?"

मावशींनी खुर्ची मागे सारली, पण उठल्या नाहीत.

"रागवू नका. रविवारी आमचा कारखाना चालू असतो. माझी जागा खिडकीशी आहे. तुमचं दार मला दिवसभर समोर दिसतं."

बाईंची नजर दाराकडे गेली.

"आणि तुम्ही तर प्रत्येक नव्या माणसाला सांगता. मुलगा दर रविवारी येतो. चेहऱ्यावर कसलं म्हणून काही दिसत नाही तेव्हा. बरं, तुम्ही काही खोटं बोलणाऱ्यातल्या नाही." मावशी शब्द शोधत होत्या, आपल्याच भाषेत. "मग मला वाटलं, या भाषेत तसंच सांगत असतील. जे हवंसं असतं, ते आहे म्हणून."

खोलीत रिकामे बाक होते. फळ्यावर, संध्याकाळी येणाऱ्या नव्या तुकडीसाठी, बाईंच्या वळणदार अक्षरातलं ते वाक्य होतं. त्यांनी सकाळीच लिहून ठेवलं होतं.

"तो येत नाही," बाई म्हणाल्या. "फोनही करत नाही. त्याचे वडील गेले तेव्हाही नाही आला. मी काय केलं त्याचं, मला अजून कळलेलं नाही." हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही नाही. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कोणाचा वाटला.

मावशींनी समजूत घातली नाही. येईल हो, असंही म्हणाल्या नाहीत. थोडा वेळ बसून राहिल्या आणि मग उठल्या, कारण काजांचा ढीग वाट बघत होता.

"रविवारी जेवायच्या सुट्टीत मी इकडे येते," दाराशी जाऊन त्या म्हणाल्या. "डबा घेऊनच येते. खिडकीतून बघत किती दिवस बसायचं?"

"कुठला पाठ घेऊ या?"

"पाठ नको," मावशी म्हणाल्या. "नुसतं बोलू. चुकलं तर चुकू दे."

त्या गल्ली ओलांडून गेल्या. बाईंनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला. नवीन तुकडीला पहिलं वाक्य कोणतं द्यायचं, ते त्यांना अजून सुचलं नव्हतं. खडू हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी टेबल आवरायला घेतलं. लॅपटॉप उचलून कपाटात ठेवला, त्याखालची तीन पुस्तकं मात्र हलवली नाहीत. मंगळवारी उंची तेवढीच लागणार होती.