दाव्यावरचा दम

आमच्या गावचा बैलांचा दलाल जनावराचे दात न बघता त्याचं वय सांगायचा. सांगितलेलं वय खरंच असायचं असं नाही, पण तो ते इतक्या ठामपणे सांगायचा की बैलालाही पटावं. अशा माणसाला घरात काही शिकवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि त्याची बायको तीन वर्षं ते ओतत होती.

विषय एकच. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. गाव त्याला शेठ म्हणायचं, कारण तो दिवसभर खुर्चीत बसून हुकूम सोडायचा. आठव्या वर्षी तो चालताना पडायला लागला, दहाव्या वर्षी चालणंच थांबलं. आजार स्नायूंचा, ते हळूहळू गळत जातात. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं की काळीजही स्नायूच आहे, तक्रार असो नसो, वर्षातून एकदा यंत्रावर तपासायला आणा. तसा कागदही लिहून दिला होता. तो आरशामागे खोचलेला होता. आरसा रोज पुसला जायचा.

दलालाचं म्हणणं सरळ होतं. पोरगं जेवतंय, झोपतंय, खदाखदा हसतंय. पायांचं व्हायचं ते झालं, आता नसलेलं दुखणं शोधायला कशाला जायचं? शोधलं की सापडतं. हे शेवटचं तो जरा हळू म्हणायचा.

त्या दिवशी सकाळीही तेच झालं. शेठला खुर्चीत बसवताना बायकोने कागदाची आठवण काढली. दलालाने पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, डोळे, पोट, बरगड्या, सगळं क्रमाने.

"धाप लागलीय का त्याला कधी? नाही ना? मग?" म्हणाला, आणि गोठ्याकडे गेला. गिऱ्हाईक यायचं होतं.

गोठ्यात तांबडा बैल होता. दिसायला राजबिंडा, दमाला कच्चा. ही गोष्ट घरातल्या तिघांना आणि बैलाला ठाऊक होती. अशा जनावराची दलालाची एक रीत होती. चार दिवस सावलीत दाव्याला बांधून ठेवायचं, पेंड चारायची, अंग पुसून चकचकीत करायचं आणि पाऊलभरही चालवायचं नाही. गिऱ्हाईक जुंपून दाखवा म्हणालंच तर म्हणायचं, खूर दुखावलाय, दोन दिवस थांबा. दोन दिवस थांबण्याइतका धीर खरेदीला निघालेल्या माणसाला नसतो.

आलेला शेतकरी शेजारच्या गावचा, किडकिडीत आणि अबोल. त्याने बैलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. दलाल म्हणाला, "बरगड्या बघा ना पाव्हणं. एक तरी धाप टाकतोय का?"

बायको त्याच वेळी शेठची खुर्ची उन्हात ढकलत होती. ती थांबली. सौदा मोडायचा तिचा अजिबात विचार नव्हता असं ती पुढे सगळ्यांना सांगायची. एकाच सकाळी तेच वाक्य दोनदा ऐकलं, एवढंच.

"चार दिवस बांधून ठेवलाय," ती म्हणाली. "उभ्या उभ्या कशाला धापा टाकेल तो?"

दलालाने खुराची गोष्ट सांगायला तोंड उघडलं, पण शेतकऱ्याने तोवर दावं सोडलं होतं. शाळेच्या चढावर गाडी न्यायची ठरली, तीही रिकामी. बैल विहिरीपर्यंत नवरदेवाच्या ऐटीत गेला. अर्ध्या चढावर त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या आणि शाळेपाशी तो जीभ बाहेर काढून उभा राहिला. मुलांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. शेतकऱ्याने खाली उतरून बैलाची पाठ थोपटली, दलालाची नाही, आणि चालता झाला.

आम्हाला वाटलं, आता भांडी वाजणार. शेजारणींनी हातातली कामं बाजूला ठेवून भिंतीला कान लावले. पण दलाल आला आणि उंबऱ्यावर बसून राहिला. शेवटी शेठनेच विचारलं.

"बाबा, मी चढावर गेलो तर मलापण लागेल का धाप?"

बैलाच्या बाबतीत दलालाकडे कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं तयार असायची. तो उठला आणि आरशामागचा कागद काढला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या जीपने तिघं शहरात गेले. छातीला लावलेल्या गार मलमाने शेठला गुदगुल्या झाल्या. डॉक्टरीणबाई मात्र यंत्राच्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. काळजाचा जोर थोडा कमी झालाय. पोर पळत नाही, चढत नाही, म्हणून शरीर जास्त मागत नाही आणि कमी पडलेलं कळत नाही. धाप दिसेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. आता गोळी सुरू करू आणि दर सहा महिन्यांनी तपासू. बिघाड थांबणार नाही, पण लांबवता येईल.

दलालाने विचारलं, गोळी किती दिवस?

"कायम."

"मागच्या वर्षी आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "आज आलात, तिथून धरू," म्हणाल्या.

गावाने निकाल दिला तो असा, की धडधाकट पोर नेलं आणि रोगी घेऊन आले. सुताराचं मत होतं की यंत्राखाली घातलं तर त्याचा रंधाही आजारी निघेल. दलाल 'हो' म्हणायचा. रोज सकाळी शेठ गोळी गिळायचा आणि तेवढा वेळ आईबाप दोघंही दुसरीकडे बघायचे.

सहा महिने होत आले तसा दवाखान्यातून फोन आला. फोन शेठनेच घेतला. तपासणीची तारीख नेमकी मोठ्या बाजाराच्या पहिल्या दिवशी येत होती. वर्षातून एकदा भरणारा तो बाजार दलालाने मिसरूड फुटल्यापासून चुकवलेला नव्हता. लग्नाची तारीखसुद्धा त्याने बाजार बघून धरली होती आणि सासऱ्याशी त्यावरून भांडलाही होता.

शेठने फोनवर हात ठेवला. "बाबा, त्या दिवशी बाजार आहे. पुढची तारीख मागू?"

दलाल नव्या दाव्याला पीळ देत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"बाजार काय, दरवर्षी भरतो," तो म्हणाला. "येतो म्हण."