शिंपल्यांची पुरचुंडी

बायकोचं, भामाबाईंचं, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी हैदराबादेतलं, नल्लकुंट्यातलं घर धुऊन काढलं. पडदे, चादरी, फरशी, सगळं. त्याच भरात हॉलमधली माशांची टाकीही घासली. टाकी भामाबाईंची, चौदा वर्षांत आबासाहेबांनी तिला हात लावला नव्हता. तळाशी एक शेवाळलेली, कळकट पुरचुंडी होती. ती त्यांनी कचऱ्यात टाकली.

दोन महिन्यांत सहा काळ्या मॉली माशांपैकी तीन गेल्या. उरलेल्या तिघी कोपऱ्यात पंख मिटून थरथरत राहायच्या. त्यांनी पाणी तपासायचं औषध आणलं. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे आंबट. चमचाभर खायचा सोडा घातला की निळं, दोन दिवसांनी पुन्हा पिवळं. चौथ्यांदा सोडा घातला त्या संध्याकाळी आणखी एक मासा उलटा तरंगला. दोन उरले.

ते अफझलगंजला मुनीरभाईंकडे गेले. भामाबाई मासे तिथूनच आणायच्या.

"सोडा नक्को, चच्चा," मुनीरभाई म्हणाले. "एकदम चढता, फिर गिरता. मछली खराब पानी सह लेती, झटका नहीं सहती. चच्ची की थैली है ना अंदर?"

"कौनसी थैली?"

"सीप का चूरा. थोडा थोडा घुलता, पानी को सँभालता. मैं बेचने गया तो चच्ची बोले, मेरे पास समंदर का है, तुम्हारा तुमीच रखो."

शिंपल्यांची ती कळकट पुरचुंडी आबासाहेबांना आठवली. "मैं फेंक दिया," ते म्हणाले.

मुनीरभाईंकडचा माल संपला होता, पुढच्या आठवड्यात येणार होता. तोवर रोज फक्त एक तांब्या पाणी बदला, एवढं त्यांनी बजावलं.

घरी शोकेसमध्ये काचेच्या वाडग्यात शिंपले होते. बापटल्याच्या समुद्रावर भामाबाईंनी ते पदरात गोळा केले होते. स्टेशनापर्यंत आबासाहेब कुरकुरत होते, "हे ओझं कशाला?" "लागतात," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कशाला लागतात, ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटलं, शोभेला.

आता वाडग्यात नऊ होते. त्यांनी खलबत्ता काढला. सगळ्यात लहान शिंपला आधी घेतला, परत ठेवला, मग पुन्हा घेतला. पहिल्या घावाला तो फुटलाच नाही. आठ शिंपले कुटून, धुऊन झाले तेव्हा खांदा भरून आला होता. जुन्या धोतराचा तुकडा फाडून त्यांनी पुरचुंडी बांधली. गाठ नीट जमेना; दातांनी ओढली आणि पुरचुंडी टाकीच्या तळाशी सोडली.

रोज एक तांब्या पाणी. सोडा नाही. सहाव्या दिवशी नळीतला पिवळा रंग फिकटला. दहाव्या दिवशी नळीतलं पाणी हिरवं झालं, म्हणजे आंबटपणा गेला, आणि पुढचे चार दिवस हिरवंच राहिलं. दोन्ही मासे वर येऊन खाऊ लागले.

रविवारी पुण्याहून लेकीचा, त्रिवेणीचा, फोन आला.

"डिसेंबरात येशील तेव्हा बापटल्याला जाऊ," आबासाहेब म्हणाले. "शिंपले आणायचेत. एकच राहिलाय."

"शिंपले? एवढ्या लांबून ते ओझं कशाला, बाबा?"

आबासाहेबांनी टाकीकडे पाहिलं. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले, पुरचुंडी फेकली तिथपासून.