डावा, उजवा, ब्रेक

मी एक जुनी निळी मोटार आहे, मित्रांनो. निळी म्हणायचे ते केवळ सवयीने. बर्फ वितळावा म्हणून इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि त्या मिठाने माझ्या दारांच्या कडा केव्हाच खाऊन टाकल्या आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, जिथे माणसांपेक्षा गायी अधिक, तिथल्या एका गोठ्याच्या भिंतीशी मी उभी असते. माझ्या समोरच्या कप्प्यात एक लाकडी जपमाळ आहे. ती आरशाला का टांगलेली नाही, हे सांगायचे तर मला माझे सारे आयुष्यच सांगावे लागेल.

सरोवराकाठच्या एका कारखान्यात मी घडले. पहिला स्पर्श ठिणग्यांचा होता, दुसरा रंगाच्या तुषारांचा. तिथून मला घरी नेले ते डेल्बर्टने. तो शाळेची बस चालवीत असे. दिवसभर लोकांची मुले ने-आण करून संध्याकाळी तो माझ्यापाशी यायचा आणि शेजारच्या आसनावर त्याची लोर्ना बसायची. निघण्यापूर्वी तो प्रत्येक वेळी तिन्ही आरसे नीट करी.

"रात्रीतून कोणी चोरले की काय आरसे?" लोर्ना चिडवायची.

"न हलवताही हलतात ते. म्हणून तर बघायचं," तो म्हणायचा.

दर रविवारी तो मला धुवायचा. तेल कधी बदलले, पुढे कधी बदलायचे, हे दाराच्या आतल्या कडेवर चिकटवलेल्या चिठ्ठीत त्याच्या बारीक अक्षरात असे. रस्त्यात लोक थांबून म्हणत, "गाडी असावी तर अशी!" स्तुती ऐकणाऱ्या धातूलाही उजाळा येतो, मित्रांनो.

मग लोर्ना गेली. शेजारचे आसन रिकामे पाहत गाडी चालवणे डेल्बर्टला जमेना. त्याने माझ्यावर ताडपत्री टाकली. तिच्या आतल्या पिवळ्या अंधारात मी ऋतू केवळ आवाजांवरून ओळखू लागले. खारीने माझ्या पोटात अक्रोड साठवले, चाकांभोवती गवत वाढले. विसरले जाणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले.

एका शरदात लाकडे रचायला आलेल्या माणसाने ताडपत्रीचे टोक उचलले. तो अन्सेल्मो, शेजारच्या गोठ्यात दूध काढणारा, ग्वाटेमालाच्या डोंगरांतून आलेला. माझ्या बोनेटवर तळहात ठेवून तो म्हणाला, "ही मेली नाही. झोपलीय नुसती."

गोठ्याची मालकीण मार्सी हिने मला आपल्या नावावर विकत घेतले आणि किल्ली अन्सेल्मोच्या हाती दिली. डेल्बर्टने ते पाहिले आणि मान फिरवली. कारण अन्सेल्मोपाशी या देशात राहण्याचे कागद नव्हते. आणि ज्याच्यापाशी ते कागद नाहीत, त्याला त्या काळी वाहन परवान्याच्या परीक्षेलाही बसता येत नसे. दुकान, दवाखाना, चर्च, यांतले काहीही मात्र गोठ्यापासून पायी जाण्याजोगे नव्हते.

अन्सेल्मोची बायको हर्मिनिया. त्यांची नोएमी जन्मली ती कानांत फारच थोडा आवाज घेऊन. तिच्या कानांना यंत्रे लावली गेली आणि दर गुरुवारी शहरात तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई ठरल्या. "शब्द रोपासारखे असतात," त्या बाईंनी बजावले होते, "पाण्यात खंड पडू देऊ नका."

म्हणून मी दर गुरुवारी निघायचे. निघण्यापूर्वी या घरात एक विधी होई, जो परवाने असलेल्या घरांत मी कधी पाहिला नाही. हर्मिनिया आत बसे, अन्सेल्मो माझ्या मागे उभा राही आणि एकेक दिवा लागताना मोठ्याने ओरडे: "डावा! उजवा! ब्रेक!" एक दिवा बंद असला, तर पोलीस थांबवतात. थांबवले, तर परवाना मागतात. आणि मग पुढचे सगळे.

दिवे सगळे लागत होते, तरीही एके दिवशी अन्सेल्मोला थांबवले गेले. आरशाला टांगलेल्या जपमाळेमुळे चालकाची नजर अडते, असे अधिकाऱ्याने सांगितले. आणि तसा नियम खरोखरच आहे. परवाना विचारला गेला. त्या संध्याकाळी अन्सेल्मो पोलिसांच्या गाडीत बसून गेला आणि काही आठवड्यांनी विमानात बसवून त्याला त्याच्या डोंगरांत परत पाठवले गेले. मला मार्सीने सोडवून आणले. मोटार परत मिळते, मित्रांनो. माणूस मिळेलच असे नाही.

हर्मिनियाने माळ उतरवली आणि समोरच्या कप्प्यात ठेवली.

त्यानंतर शहराच्या वाटेवरच्या मोठ्या पुलावरून जाणे बंद झाले, कारण तिथे गस्तीची गाडी हमखास उभी असे. आम्ही शेतांमधल्या कच्च्या वाटांनी शहर गाठू लागलो. आरशात गस्तीच्या गाडीसारखे काही पांढरे-काळे चमकले, की हर्मिनियाचे हात पहिल्या सापडेल त्या गल्लीत मला वळवायचे. हिवाळ्यात त्या वाटा बर्फाखाली जात आणि गुरुवारही बर्फाखाली जात. नोएमीने शिकलेले शब्द एकेक करून परत फिरू लागले. आधी 'चमचा' गेला. मग 'पाऊस'.

अशातच राज्याच्या राजधानीत एका कायद्याची चर्चा सुरू झाली: कागद असोत वा नसोत, जो आपली ओळख पटवील आणि ज्याला गाडी चालवता येईल, त्याला परीक्षा देऊन परवाना मिळावा. आमच्या गावातही अग्निशमन दलाच्या सभागृहात सभा भरली. मार्सी मला चालवीत घेऊन गेली, शेजारी हर्मिनिया होती. उन्हाळा होता, खिडक्या उघड्या होत्या आणि मी नेमकी खिडकीखाली उभी होते.

डेल्बर्टचा आवाज मी लगेच ओळखला. "मी जन्मभर तुमची मुलं शाळेत पोचवली. परवाना म्हणजे सरकारनं दिलेला शब्द असतो, की हा माणूस कोण हे आम्हाला ठाऊक आहे. लोर्नाच्या आईनं या देशात यायला वर्षानुवर्षं रांग धरली होती. रांग धरणाऱ्याला काय सांगू? मागच्या खिडकीतून आलेल्याच्या हातात घराची किल्ली कोण देतं?"

टाळ्या पडल्या. मार्सी उठली. "कॉफीत दूध घालतोस ना, डेल्बर्ट? ते काढतं कोण? कामाला माणूस पाहिजे म्हणून मी लावलेला कागद दुकानाच्या फळ्यावर पिवळा पडला. तुझा पुतण्या आला होता की! दुसऱ्याच दिवशी कंबर धरून घरी."

"मग गायींनाच द्या परवाना!" मागून कोणीतरी ओरडले. हशा झाला.

हशा ओसरल्यावर हर्मिनियाचा आवाज आला. तिची इंग्रजी तोकडी होती, पण त्या दिवशी तिने एकही शब्द गिळला नाही.

"किल्ली माझ्याकडे आहेच, मिस्टर डेल्बर्ट. गाडी मी चालवतेच. पोरीसाठी चालवावीच लागते. मला नीट येते का, हे मात्र कोणी बघत नाही. तुम्ही बघा. नापास झाले, तर नापास म्हणा. पण परीक्षा तर घ्या."

सभा सुटल्यावर डेल्बर्ट माझ्याजवळून जाताना थबकला.

"हिचं तेल कोण बदलतं?"

"मी," हर्मिनिया म्हणाली.

"वेळेवर?"

"तुमच्या चिठ्ठीप्रमाणे. काढली नाही मी ती."

त्याने टोपी डोक्यावर दाबली आणि तो निघून गेला.

कायदा झाला. लेखी परीक्षा हर्मिनियाने तिच्या भाषेत दिली आणि शिकाऊ परवाना मिळवला. रस्त्यावरच्या परीक्षेला मात्र स्वतःची मोटार न्यावी लागते, आणि पक्का परवाना असलेले माणूसही सोबत लागते. मार्सी आली. म्हणजे त्या दिवशी परीक्षा माझीही होती.

परीक्षक बाई शेजारी बसल्या. हर्मिनियाने सारे अचूक केले. थांबण्याच्या पाटीपाशी मी अशी थांबले, की रस्त्याने श्वास रोखावा. मग शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीवरून जाताना एक गस्तीची गाडी आमच्या मागे लागली. मागे लागली म्हणजे आपल्या वाटेने चालली होती, इतकेच.

"सरळ," परीक्षक बाई म्हणाल्या.

हर्मिनियाचे हात सरळ गेले नाहीत. इतक्या वर्षांच्या भीतीने ते घडवले होते. त्यांनी मला उजवीकडच्या बोळात वळवले आणि आम्ही एका अनोळखी घराच्या अंगणापुढे थांबलो. दोरीवर चादरी वाळत होत्या.

"मी सरळ म्हटलं होतं," परीक्षक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी नापास लिहिले.

संध्याकाळी गोठ्यावर अन्सेल्मोचा धाकटा भाऊ चेपे हसून हसून बादलीवर बसला. "म्हणजे वहिनी, तुम्ही परीक्षक बाईंनाच पळवून नेलंत! आता तर पोलीस खरंच येतील."

"हस, हस. तुझी परीक्षा येऊ दे."

"मी? मी तर त्यांना थेट ग्वाटेमालाला नेईन!"

हर्मिनियाही हसली. मग ती माझ्या आत येऊन बसली, दार लावले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकले. किती वेळ, ते मी मोजले नाही. उठली तेव्हा तिने आरसे नीट केले आणि कोणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "पुन्हा."

बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट गोठ्याच्या दारात उभा होता.

"का वळलीस?"

"मागे पोलीस होते."

"ते जेवायला चालले होते."

"मला काय ठाऊक?"

"तेच तर. आरशात तू मागचं बघत नाहीस, पळायची वाट शोधतेस. अशी चालवणारी माणसं मला माझ्या रस्त्यावर नकोत." त्याने माझे बोनेट उघडले, आत पाहिले आणि समाधानाने बंद केले. "उद्या दुपारी तयार राहा."

"म्हणजे मिस्टर, आता तुम्ही आमच्या बाजूचे का?" चेपेने दात काढले.

"नाही. विरोधातच आहे. विरोधात राहूनही आरसा नीट लावता येतो."

दुसऱ्या दिवशी लोर्नाच्या आसनावर डेल्बर्ट बसला, तेव्हा स्प्रिंगा कण्हल्या. माझ्या की त्याच्या, कोण जाणे. त्याने हर्मिनियाला गाडी थेट शेरीफच्या कचेरीपुढे घ्यायला लावली.

"इथे लाव. रस्त्याकडेला, दोन गाड्यांच्या मध्ये."

"इथे?" हर्मिनियाने विचारले.

"इथे जागा नेहमी मोकळी असते. कोणी लावतच नाही."

ती लावी, बाहेर काढी, पुन्हा लावी. तेवढ्यात कचेरीतून एक हवालदार हातात कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला आणि त्याने काचेवर टकटक केले. हर्मिनियाने शिकाऊ परवाना दोन्ही हातांनी पुढे धरला.

"डेल्बर्ट, तुझं मागचं चाक फूटपाथवर चढलंय."

"माझं नाही. हिचं."

हवालदाराने परवान्याकडे ओझरते पाहिले. "थोडं सरळ घ्या, बाई," एवढे म्हणून तो कॉफी पीत निघून गेला.

हर्मिनियाने चाक सरळ घेतले. मग तिने मला पुन्हा बाहेर काढले, पुन्हा लावले. त्या दिवशी, आणि नंतर कितीतरी दुपारी. भिंतीवर डोके आपटून भिंत फुटत नाही, मित्रांनो. पण रोज तिच्या सावलीत जाऊन बसले, तर ती केवळ भिंत आहे हे कळते.

दुसऱ्या परीक्षेच्या सकाळी गोठ्यात गाय अडली होती, मार्सीला हलता येईना. सोबतीला डेल्बर्ट आला. परीक्षक त्याच बाई होत्या. त्या आत बसल्या, तसा डेल्बर्ट उतरून बाकावर बसला आणि दुसरीकडे पाहू लागला.

वाट तीच होती. कचेरीच्या कोपऱ्यावर गस्तीची गाडी उभी होती. आम्ही पुढे जाताच ती हलली आणि आरशात आली.

"सरळ," परीक्षक बाई म्हणाल्या.

उजवीकडे तो बोळ आला. दोरीवरच्या चादरी दिसल्या. हर्मिनियाच्या उजव्या मनगटातला कंप माझ्या स्टिअरिंगमध्ये उतरला, स्टिअरिंगमधून आसात. त्या कंपाला मी वर्षानुवर्षे ओळखत होते. त्याचे ऐकून मी किती गल्ल्यांत लपले होते! मी वाट पाहिली.

हात हलले नाहीत. हर्मिनियाने आरशात एकदा पाहिले, मागे गाडी आहे एवढे टिपले आणि नजर रस्त्यावर आणली. बोळ मागे पडला. गस्तीची गाडी पुढच्या चौकात डावीकडे गेली, बहुधा जेवायला.

"पास?" डेल्बर्टने बाकावरून विचारले.

"पास!"

"हं. चालवतेस मात्र अजून हळूच." पण उठताना त्याने माझ्या छतावर दोनदा थाप मारली, पूर्वी लोर्ना हसली की मारायचा तशी.

परवाना टपालाने आला, त्या सकाळी हर्मिनियाने कप्प्यातून जपमाळ काढली. आरशापर्यंत हात नेला. क्षणभर मण्यांची सावली काचेवर हलली. मग तिने ती चुंबून पुन्हा कप्प्यात ठेवली. नियम सगळ्यांना सारखा असतो. त्याच हाताने, त्याच जागी ठेवलेली तीच माळ. पण पूर्वी तिला तिथे भीतीने कोंडले होते, आज हर्मिनियाने ठेवले.

आता गुरुवार बर्फाखाली जात नाहीत. आम्ही मोठ्या पुलावरून, भर उन्हात, आमच्या रांगेतून जातो. राजधानीत वाद अजून संपलेला नाही, आणि डेल्बर्टही पेट्रोल पंपावर तावातावाने आपलेच म्हणणे मांडतो. मांडू दे.

परवाच्या गुरुवारी हर्मिनियाने निघण्यापूर्वी फोन खिडकीबाहेर धरला. पलीकडे अन्सेल्मो होता. त्याच्या मागे कोंबडा आरवत होता. त्याचे परतणे कोणत्याही परीक्षेने अजून जवळ आणलेले नाही. नोएमी माझ्या मागे जाऊन उभी राहिली, वडील उभे राहायचे तिथेच. दिवे लागू लागले, आणि जिच्या तोंडून 'चमचा' निघून गेला होता त्या मुलीने साऱ्या गोठ्याला ऐकू जाईल असे ओरडायला सुरुवात केली:

"डावा! उजवा! ब्रेक!"

फोनमधून अन्सेल्मो म्हणाला, "हर्मिनिया... ब्रेक पुन्हा दाब ना."

तिने दाबला. काही कारण नसताना, पुन्हा आणि पुन्हा. मीही माझा सगळा लाल उजेड त्या मुलीच्या चेहऱ्यावर ओतला.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी निघाले की तुम्हीही असेच मागे जाऊन उभे राहा आणि दिवे बघा. भीतीने नव्हे, मायेने बघा. आणि कोणी म्हणाले, 'माझी परीक्षा घ्या', तर त्याला बसू द्या स्टिअरिंगमागे.