मुळाशी राहणाऱ्या हिरव्या बुरशीची कैफियत

मित्रांनो, तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगून टाकते. मी एक जुनी बुरशी आहे. शिळ्या पावावर येते ती मी नव्हे आणि कपाटातल्या बुटांवर चढते तीही मी नव्हे. मी मातीत राहते. माझा रंग हिरवा. पुस्तकात मला ट्रायकोडर्मा म्हणतात. नाव अवघड आहे, पण माझे काम सोपे आहे. रोपांची मुळे कुजवणाऱ्या काही दुष्ट बुरश्या मातीत असतात. त्यांना गाठायचे, त्यांच्या धाग्यांना विळखा घालायचा आणि त्यांना खाऊन टाकायचे, हा माझा पिढीजात धंदा आहे. शिवाय मुळांना अन्न मिळवून देते, ती झपाट्याने वाढावीत म्हणून धडपडते. एवढे करूनही माझ्या वाट्याला काय आले, ते ऐका.

पूर्वी मला कोणी ओळखत नव्हते. मी वांग्याच्या रोपांच्या एका वाफ्यात राहत होते. एका वर्षी त्या वाफ्यात रोग शिरला आणि रोपे बुडाशी काळी पडून पटापट आडवी झाली. फक्त एका कोपऱ्यात मूठभर रोपे ताठ उभी राहिली. त्यांच्या मुळांशी मी होते. प्रयोगशाळेतून एक चष्मेवाली बाई पाहणीला आली. सगळे मेलेल्या रोपांभोवती जमून हळहळत होते. ही एकटी जिवंत रोपांपाशी उकिडवी बसली.

"बाकीची गेली ते कळलं," ती म्हणाली, "पण ही का नाही गेली?"

तिने तिथली चिमूटभर माती पिशवीत भरून नेली. मित्रांनो, असा प्रश्न विचारणारे माणूस मला त्याआधी भेटले नव्हते.

प्रयोगशाळेत तिने एका काचेच्या ताटलीत एका बाजूला मला ठेवले आणि दुसऱ्या बाजूला त्या रोगट बुरशीला. पाच-सहा दिवसांत मी सगळी ताटली व्यापली. बाईने शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या लवकर! हिनं तिला पार गिळलंय!" त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. मग मला उकडलेल्या धान्यावर वाढवले, पांढऱ्या भुकटीत मिसळले आणि पुड्यांत भरले. पुडीवर छापण्यासाठी बाईने स्वतःच्या हाताने लिहून दिले, 'ही जिवंत आहे. सावलीत ठेवा. बुरशीनाशक औषधात मिसळू नका.' छापणाऱ्याने पुढच्या बाजूला भलेमोठे टवटवीत झाड छापले आणि हा मजकूर मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. इथून माझ्या वैतागाला सुरुवात झाली.

पुड्या एका दुकानात गेल्या. दुकानदाराने औषधांच्या बाटल्या आतल्या गार फळीवर मांडल्या आणि मला दर्शनी काचेत ठेवले. तिथे दुपारभर ऊन यायचे. निर्जीव बाटल्या सावलीत आणि जिवंत मी उन्हात! माझी निम्मी भावंडे त्या काचेतच वाळून गेली. कोणी माझ्याबद्दल विचारले, तर दुकानदार जांभई देत म्हणे, "आहे ते पण. गुण येतो कधी कधी, नाही येत कधी कधी." मी आतून ओरडत होते, पण बुरशीचा आवाज कोणाला ऐकू येणार?

शेवटी मला एका रोपवाटिकेच्या मालकिणीने विकत नेले. तिला सगळे ताई म्हणत. तिच्या रोपवाटिकेत जाळीच्या कापडाची एक शेड होती आणि तिथे टोमॅटो, मिरची, कोबीची रोपे ट्रेमध्ये वाढत होती. ओळीने रोपांच्या दोन खेपा रोगाने गेल्या होत्या. गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले होते. ताईचा थोरला भाऊ तिच्या मदतीला असे. फवारणीचा पंप त्याच्या पाठीवरून क्वचितच उतरत असल्यामुळे त्याला पंपदादा असे नाव पडले होते. माणूस मनाने चांगला, पण औषधावर त्याची फार श्रद्धा.

"दादा, हे नुसत्या पाण्यात कालवून ट्रेमध्ये घाल," ताई त्याला सांगून गेली.

दादाने पुडी हुंगली. "याला तर औषधाचा वाससुद्धा नाही," तो पुटपुटला. मग त्याने पिंपात आपले नेहमीचे बुरशीनाशक ओतले आणि त्यातच अर्धी पुडी रिकामी करून मला टाकले. वर काठीने ढवळत म्हणाला, "दोन्ही एकत्र घातली की दुप्पट गुण."

मित्रांनो, बुरशीनाशक म्हणजे बुरशीचा नाश करणारे. आणि मी कोण? त्या पिंपात माझे काय झाले असेल, ते मी सांगायला नको. आठवड्याभरात तिसरी खेपही आडवी झाली, कारण रोगट बुरशीला त्या औषधाची केव्हाच सवय झाली होती. आणि बोल कोणाला लागला? मला!

"बुरशीवर बुरशी ओतली, मग दुसरं काय होणार?" दादा म्हणाला आणि त्याने उरलेली अर्धी पुडी शेडमागच्या खताच्या ढिगावर भिरकावली.

रागाने मी लालबुंद झाले असते, पण मी पडले हिरवी. मात्र त्या ढिगात कुजका पाला होता, ओल होती आणि वर एका झाडाची गर्द सावली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला हवे तसे घर मिळाले, तेही मला फेकून दिल्यामुळे. मी वाढले. दोन महिन्यांत ढिगाभर पसरले.

पुढच्या पेरणीला ताईने ते खत चाळले आणि सहा ट्रे भरले. तेव्हा ती भावाला म्हणाली, "दादा, ही शेवटची खेप. ही गेली तर शेडचं कापड उतरवायचं आणि मी पुन्हा शिवणकामाच्या कारखान्यात जायचं. तिथं आठ तास मान वर करता येत नाही. मला नाही जायचं रे तिथं."

भाऊ बिचारा हादरला. बहिणीसाठी काय करू आणि काय नको, असे त्याला झाले. ती बी आणायला गेली, तेव्हा तो ढिगाकडे गेला. फावडे मारताच त्याला माझा हिरवा थर दिसला.

"अरे देवा, खताला बुरशी लागली!"

त्याने चार पिंपे औषध कालवून ढिगावर ओतले. ताई परतली तेव्हा तो घामाने निथळत होता आणि खुशीत होता. "वाचवली बघ तुझी खेप," तो म्हणाला. ढिगातली मी संपले. त्याच खताने बाकीचे ट्रे भरले गेले. आता मी फक्त त्या पहिल्या सहा ट्रेमध्ये उरले होते.

दहा-बारा दिवसांनी शेडमधली रोपे पुन्हा माना टाकू लागली. ताई ट्रेमागून ट्रे बघत गेली आणि त्या सहा ट्रेपाशी थबकली. तिथली रोपे बोटभर उंच, ताठ आणि गर्द हिरवी होती. तिने धावत जाऊन प्रयोगशाळेत फोन लावला. चष्मेवाली बाई दुसऱ्याच दिवशी आली. तिने दोन्हीकडचे एकेक रोप उपटले आणि मुळे पाण्याच्या घमेल्यात धुतली. एकाची मुळे तपकिरी, सुतळीच्या तुकड्यासारखी. दुसऱ्याची पांढरीशुभ्र आणि दाट.

"या सहा ट्रेमध्ये वेगळं काय घातलं होतं?" तिने विचारले.

"काहीच नाही, मॅडम. खत एकच," ताई म्हणाली. "फक्त हे आधी भरले. दादानं औषध ओतलं ते नंतर."

"कसलं औषध?"

दादाने सांगितले. ढिगावर दिसलेल्या हिरव्या थराचेही सांगितले. बाईने चष्मा काढून डोळे चोळले.

"अहो दादा, तुम्ही राखणदारालाच मारलंत."

ढिगाशेजारी मातीत रुतलेली जुनी पुडी दादाने उचलली, पुसली, हात लांब करून तो मागची बारीक अक्षरे वाचू लागला. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने नळाखाली पंप तीन वेळा धुतला.

त्या सहा ट्रेमधली रोपे विकून ताईने पुन्हा पेरणी केली. या वेळी बाईने ताजी पुडी दिली. दादाने ती माठाशेजारी सावलीत ठेवली आणि कोणाला हात लावू दिला नाही. स्वच्छ पिंपात, साध्या पाण्यात त्याने मला कालवले. शेड रोपांनी भरून गेली. ताईचा कारखाना टळला. तुम्हाला वाटेल, आता तरी माझा वैताग संपला असेल. कुठला!

परवा एक जाडे गृहस्थ टेम्पो घेऊन आले. रोपे पाहून खूश झाले. "कोणतं औषध मारता हो?"

"औषध नाही," दादा अभिमानाने म्हणाला. "बुरशी आहे, बुरशी!"

गृहस्थांनी हातातला ट्रे चटका बसल्यासारखा खाली ठेवला. "मग नको. औषध मारलेली असली तर द्या."

दादाने त्यांना समजावले. रोप उपटून मुळे धुऊन दाखवली. पुडी वाचून दाखवली. अर्धा तास त्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. गृहस्थ मान डोलावत राहिले आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेले.

दादा उपड्या घमेल्यावर मटकन बसला. "अगं, माणसं ऐकूनच घेत नाहीत! डोळ्यांसमोर दाखवतोय, तरी नाही!"

"हो का?" ताई म्हणाली आणि हसू दाबत पाणी घालत राहिली.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. माझे काम अंधारात चालते आणि ते कोणाला दिसले नाही तरी मी ते सोडणार नाही. पण मला मारून टाकून वर मलाच नावे ठेवू नका. थोडी ओल द्या, थोडा कुजका पाला द्या, अंगावर सावली असू द्या. बाकीचे मी बघून घेते.