सात नंबरच्या रेच्याचं झाकण

मी आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी पैज लावून सांगतो. ठेवलाच, तर तो माणूस एक तर भोळा, नाही तर कंपनीचा मॅनेजर. मी या दोन डोळ्यांनी एका जिवंत, पेन्शन खाणाऱ्या समेटवाल्याची गठाण बांधताना पाहिली आहे. कापसाची बांधतात तशी. लोखंडी पट्ट्या मारून, वर काळ्या शाईचा नंबर घालून.

"झालं, नत्थूजी सुटले," रामाजी म्हणाला.

रामाजी म्हणजे संत्र्याचा दलाल. पांढुर्ण्यात स्टेशनाच्या अलीकडे त्याचं आवार आहे. मोसमात मी दुपारभर तिथंच बसतो. पाच-सहा बाया तणसात संत्री रचून टोपल्यांची तोंडं सुतळीनं शिवत असतात, आणि मी त्यांना ऐकवत असतो. त्यांचे हात रिकामे नसतात, त्यामुळे उठून जाता येत नाही. असे श्रोते नशिबानं मिळतात. त्या दिवशी एक नवी होती, सावरगावात दिलेली. कधी मान वर करायची नाही. डावा हात तणसात, आणि सुतळी दातांनी ओढायची. सावरगावची रीत असेल, म्हटलं. नदीपलीकडच्या लोकांचं काही सांगता येत नाही.

"सुटलो नाही, सांगून राहिलो," मी म्हणालो. "आयक."

तर मी तेव्हा कापसाच्या जिनात कारकून होतो. जिनात रेचे ओळीनं मांडलेले. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. समोर बाई बसते, मुठीमुठीनं कापूस भरवते. रुई पुढे पडते, सरकी खाली. आणि बाजूला दोन दातेरी चाकं एकमेकांत दात घालून फिरतात, दिवसभर, उघडी. त्यांच्यावर झाकण हवं, हे आंधळ्याला दिसलं असतं. पण आमचे मॅनेजर मोरेश्वरपंत आंधळे नव्हते, त्यांना चष्मा होता.

सात नंबरच्या रेच्यावर शकुबाई बसायची. एका माघात चाकानं तिच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अंगठा ठेवला. कंपनीला कागदावर उठवायला अंगठा लागतो, एवढी समज त्या यंत्रालाही होती.

शकुबाई रडली नाही. पट्टी सुटल्यावर ती ऑफिसात आली आणि मोरेश्वरपंतांना म्हणाली, "साहेब, मले बोटं वापस नाही पायजे. पण आता माह्या जागी सुधीले बसवून राहिले तुमी. माही पोरगी हाये थे. पंधरा वर्साची. त्या चाकाले झाकण लावा. मंग बसवा."

एवढंच मागणं. कवडू सुतारानं माप घेऊन सांगितलं होतं, दोन फळ्या, आठ खिळे, अर्धा दिवस. चहा मिळाला तर त्याहून लवकर.

पण स्वातंत्र्य आल्यापासून आमच्या मालकांच्या अंगात सदाचार संचारला होता. मालक नागपूरचे. त्यांनी जिनाच्या फाटकावर पाटी लावली होती: 'कंपनीच्या वागणुकीविषयी तक्रार असल्यास निःसंकोच सांगावी. कोर्टकचेरी न करता गोडीगुलाबीने समेट केला जाईल.' पाटीखाली तक्रारपेटी. पेटीला कुलूप. कुलपाची किल्ली मोरेश्वरपंतांच्या जानव्याला. आणि समेट करायला माणूस कोण? तटस्थ. कंपनीनं नेमलेला, कंपनीनं जेवू घातलेला, कंपनीच्या खर्चानं येणारा तटस्थ. नाव रघुनाथराव. नागपूरचे रिटायर साहेब. उपरणं असं घ्यायचे की जणू त्याच्या दोन टोकांवर जगाचा न्याय तोलला आहे.

शकुबाईला वकील कोणी सुचवला नाही असं नाही. मोरेश्वरपंतांनी तिला समजावलं, "बाई, कोर्टात वर्सं जातात. इथं आपसात निपटते." आणि अंगठा घेतला. मजकूर असा की समेट चालू असेतोवर तक्रारदार कोर्टात जाणार नाही. तो कागद मीच लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे.

पहिली बैठक सौसरच्या रेस्ट हाउसात. का? तर पांढुर्णा ही तक्रारदाराची जागा, नागपूर ही कंपनीची. रघुनाथरावांना मधली, कोणाचीच नसलेली जागा हवी होती. ते आरामात छोट्या रेल्वेगाडीनं पुढच्या रामाकोन्यावरून उलटं फिरून सौसरला उतरले, कारण रामाकोन्याला त्यांच्या ओळखीत हुरडा होता. शकुबाई सरकीच्या बैलबंडीत बसून आली.

"हुरडा? त्या बैठका तं उन्हाळ्यात सुरू झाल्या म्हणे," रामाजी म्हणाला.

"मोठ्या माणसांले बाराही महिने हुरडा भेटते. आयक."

रघुनाथराव लोडाला टेकले. म्हणाले, "बाई, प्रथम वस्तुस्थिती निश्चित करू. बोटं कंपनीच्या वेळात गेली की जेवणाच्या सुट्टीत?"

शकुबाई म्हणाली, "चाक फिरून राह्यलं होतं साहेब. घड्याळ पाह्यलं नाही."

"लिहा," ते मला म्हणाले, "वेळेबाबत तक्रारदार साशंक."

मी लिहिलं.

दुसऱ्या बैठकीत त्यांनी विचारलं, बोटं चाकाकडे गेली की चाक बोटांकडे आलं? तिसरीत ते आजारी होते, चौथीत मोरेश्वरपंत. पाचवीत रघुनाथरावांनी मोठं व्याख्यान दिलं. समेट म्हणजे काय, तर उभयपक्षांनी एकेक पाऊल मागं यायचं. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. हात असे जोडायचे. आणि त्यांनी दाही बोटं जोडून दाखवली.

शकुबाई बघत राहिली. मग म्हणाली, "मी तं तीन बोटं मांगं आली बाप्पा. आता कंपनीनं एखादं यावं."

मला हसू आलं. ते मी शाईत बुडवलं. रघुनाथराव म्हणाले, "लिहा, तक्रारदाराची भाषा सामंजस्याला पोषक नाही."

आमच्याकडे गोटमार होते. जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांची डोकी फोडतात, वर्षातून एक दिवस. दुसऱ्या दिवशी त्याच घरी चहा पितात. लोक याला रानटीपणा म्हणतात. पण दगड मारणारा समोर उभा राहून मारतो, आणि दगड मारून झाल्यावर 'तुमच्या डोक्याची भाषा सामंजस्याला पोषक नाही' असं म्हणत नाही.

तर पाऊस संपला, कापूस फुटायला लागला, मोसम तोंडावर आला. शकुबाई रोज फाटकाशी येऊन मला विचारायची, "कारकूनदादा, सुधी कधी बसनार? झाकण कधी बसनार?" मी म्हणायचो, सहाव्या बैठकीत. रघुनाथरावांनी सहावी बैठक ठेवली एक नोव्हेंबरला. छप्पन साली. तारीख लक्षात आली का?

"राज्यं बदलली तो दिवस," रामाजी म्हणाला.

बरोबर. त्या दिवशी आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं आणि नागपूर उठून मुंबई राज्यात गेलं. म्हणजे बाई एका राज्यात आणि मालक दुसऱ्या. बोटं इकडे गेली, पण जबाबदारी रेल्वेनं तिकडे. रघुनाथराव काही मूर्ख नव्हते. मूर्ख माणूस एवढी नेमकी तारीख शोधू शकत नाही. त्यांना फक्त त्या दिवशी पांढुर्ण्यात येऊन फाइल मिटवायची होती.

आणि त्याच दिवशी मोसमाची यंत्रपूजा. रेच्यांना हळदकुंकू, पट्ट्याला झेंडूचा हार. मोरेश्वरपंतांनी नारळ फोडला, यंत्रं सुरू झाली. रघुनाथरावांना शाल मिळाली, कशाबद्दल ते त्यांनीही विचारलं नाही. सुधी नवं लुगडं नेसून सात नंबरवर बसली होती. चाकं तशीच, उघडी. फक्त आता त्यांना कुंकू लागलं होतं.

रघुनाथरावांनी स्वतःच्या हातानं शकुबाईला खोबऱ्याचा तुकडा दिला. तिनं डाव्या हातानं घेतला, कपाळाला लावला, तोंडात टाकला.

रघुनाथराव माझ्याकडे वळले. "लिहा. तक्रारदाराने कंपनीचा नारळ स्वीकारून समेट मान्य केला."

आमच्याकडे भांडण मिटलं की नारळ खातात हे खरं आहे. त्या माणसाला आमच्या मुलखातली एवढी एकच गोष्ट माहीत होती, आणि ती त्यानं बरोबर वापरली.

"माय वं!" शकुबाई ओरडली. "थो तं परसाद होता! परसादाले कोणी नाही म्हंते काय?"

आता इथून पुढचं आयका. म्हणूनच मी आधी पैज लावली.

रघुनाथराव तिला समजावायला वाकले. उपरण्याचं एक टोक, ज्यावर जगाचा न्याय तोललेला होता, ते सात नंबरच्या चाकात गेलं. चाकानं उपरणं ओढलं. मग शाल. मग धोतर, नऊवारी नव्हे, दहा वारी, कारण कंपनीनं दिलेलं होतं. मग काखेतली फाइल. आता रेच्याचा गुण असा की त्याला काहीही खाऊ घाला, तो त्यातून सरकी वेगळी काढतो. पाच बैठकांची फाइल गेली, आणि सरकीचा एक दाणा खाली पडला नाही! नुसता फुसका पांढरा धुरळा.

रामाजीनं मांडीवर थाप मारली. बाया खाली मान घालून हसत होत्या.

मागोमाग रघुनाथराव स्वतः. रक्त नाही, ओरडा नाही. रक्त असावं लागतं ना! ते रुईबरोबर अलगद पुढे पडले, तिथून प्रेसमध्ये, आणि मजुरांनी सवयीनं गठाण आवळली. नाक तेवढं बाहेर राहिलं. नाकाखालून आवाज येई: "उभयपक्षी... उभयपक्षी..."

गठाण वॅगनमध्ये चढली. पण नव्या सरहद्दीवर दोन्हीकडच्या नाकेवाल्यांनी अडवली. हा माल की माणूस? मुंबईवाला म्हणे, मध्य प्रदेशचा माल आहे, तुम्ही ठेवा. मध्य प्रदेशवाला म्हणे, नाक नागपूरचं आहे, तुम्ही न्या. वाद वाढला. शेवटी दोघांनी ठरवलं, कोर्टात कशाला जायचं? समेट करू. दोन राज्यांनी मिळून तटस्थ माणूस नेमला. चार वर्षं झाली, मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन गेलं, तो अजून विचारून राहिला आहे की गठाण सरहद्दीकडे गेली की सरहद्द गठाणीकडे आली.

"नत्थूजी, तुमच्या जिभेले हाड नाही," रामाजी डोळे पुसत म्हणाला. "अन् त्या पोरीचं काय झालं?"

"काय व्हायचं? मोरेश्वरपंतांची पाचावर धारण बसली. त्यांनी तिथंच कवडूला हाक मारली. संध्याकाळच्या आत दोन फळ्या, आठ खिळे, झाकण बसलं. मी माझ्या हातानं लिहिलं, 'झाकण बसविले. तक्रार निकाली.' कागद शकुबाईला वाचून दाखवला. तिनं अंगठा दिला. म्हातारी खूश."

आवारात सगळे हसत होते. सावरगावची ती नवी तेवढी हसत नव्हती. तिनं दातातली सुतळी सोडली.

"आबाजी," ती म्हणाली, "थे गठाणीचं मी खरं मानतो. नाकासकट. त्याले माही ना नाही."

"मग?"

"मायनं परसाद खाल्ला तवा मी सात नंबरवर बसूनच पाहून राह्यली होती. तुमी कागद वाचला तवाबी होती. तुमच्या मांगंच चाक फिरून राह्यलं होतं, वळून पाह्यलं असतं तं दिसलं असतं."

रामाजी माझ्याकडे बघू लागला. मी तिच्याकडे नीट बघितलं तेव्हा मला शकुबाईची हनुवटी दिसली.

तिनं तणसातून डावा हात वर काढला आणि टोपल्यावर, संत्र्यांच्या मधोमध ठेवला. त्याला अंगठा होता आणि एक बोट.

"लबाड बोलून राहिले तुमी, आबाजी," सुधा म्हणाली. "झाकण बसलंच नाही."